आईच्या सैल झालेल्या खुब्याबद्दल, फिजिओ मॅडम तुम्हाला

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण वाचाल तेव्हा ओळखालच. बरेच दिवस लिहायचं होतं.

आईला तुमच्याकडं आणलं ते कमरेला ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून ताण द्यायला. हातात चिठ्ठी होती, एमआरआय होता, त्यात मणक्याची गादी सरकलीय असं लिहिलेलं. आठ महिने आम्ही कमरेच्याच मागं लागलो होतो, पट्टा झाला, गोळ्या झाल्या, शेक झाला, कापसाची गादी काढून आईला फळीवर झोपवलं आणि तरी दुखणं जागचं हलेना. तुम्ही चिठ्ठी वाचून बाजूला ठेवली आणि आईच्या समोर स्टूल ओढून बसलात, म्हणालात आजी, नेमकं कधी दुखतं? मी बोलायला तोंड उघडलं तर तुम्ही हातानंच थांबवलं मला. आई म्हणाली, "बसून उठलं की पयली चार पावलं जीव जातो बघ पोरी, मग जरा चाललं की सुटतं." आणि कुठं दुखतं म्हटल्यावर तिनं हात कमरेला लावलाच नाही, जांघेत लावला आणि तिथून मांडीवर खाली नेला. मॅडम, आठ महिन्यांत आम्ही प्रत्येक दवाखान्यात तिच्या आधी बोलून मोकळे व्हायचो, "कंबर दुखतीय हिची". तिला कुणी असं विचारलंच नव्हतं, आम्ही घरच्यांनीपण नाही.

मग तुम्ही मांडीवरचा व्रण बघितला. २००६ साली तिचा डावा खुबा बदलला होता, मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मेलं होतं म्हणून. सतरा वर्षं काही तक्रार नव्हती, त्यामुळं ते ऑपरेशन आमच्या डोक्यातूनच गेलेलं. तुम्ही पाय हळूच आतबाहेर फिरवून बघितला, आई कळवळली, आणि तुम्ही सांगितलं की आज ट्रॅक्शन लावत नाही, आधी खुब्याचा एक्सरे काढा, मांडीच्या हाडात बसवलेला रॉड खालच्या टोकापर्यंत दिसेल असा, आणि घरात जुना एक्सरे असेल तर शोधून आणा. फी पण घेतली नाहीत. दहा सेशनचे पैसे आम्ही द्यायला तयार होतो, लावलं असतंत ट्रॅक्शन तर आम्हाला काय कळणार होतं.

पहिल्या ऑपरेशनच्या वेळचा जुना एक्सरे कपाटात लुगड्यांच्या खाली तपकिरी पाकिटात सापडला, कोपरा चिकटलेला. तुम्ही दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला धरल्या आणि पट्टीनं मोजून दाखवलं. सतरा वर्षांत रॉड हाडात जवळजवळ सेंटीमीटरभर खाली रुतला होता, आणि रॉड धरून ठेवणारं सिमेंट अन् हाड यांच्यामध्ये एक काळी रेघ, जुन्या फिल्ममध्ये ती नव्हतीच. नुसता नवा एक्सरे बघून मला तरी काही वेगळं दिसलं नसतं. आई म्हणाली, "म्हंजे जात्याचा खुंटा सैल झाला म्हण की." तुम्ही म्हणालात अगदी तसंच आजी, फक्त इथं पाचर मारून भागत नाही.

बदललेल्या खुब्याच्या वाटीत प्लॅस्टिकचं अस्तर असतं, त्यावर बॉल घासून घासून बारीक चुरा पडतो, डोळ्यांना न दिसणारा. शरीराच्या पेशी तो गिळायला जातात, पचवता येत नाही, आणि त्या भांडणात आजूबाजूचं हाड खाल्लं जातं. हे तुम्ही कागदावर चित्र काढून समजावलंत, तो कागद अजून आहे. पुढं ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसून मोबाईलवर वाचत होतो. ज्यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये आजच्यासारखा खुबा बसवला त्या सर्जन जॉन चार्नलींनी आधी वापरलेल्या टेफ्लॉनच्या (एक प्रकारचं प्लॅस्टिक) वाट्या अशाच झिजून वाया गेल्या होत्या, आणि त्यांनी टेफ्लॉनचा चुरा स्वतःच्या मांडीत घालून बघितला होता काय होतं ते. वाचून काटा आला अंगावर.

सर्जनकडं पाठवताना तुम्ही एक गोष्ट बजावलीत, आधी इन्फेक्शन नाही ना ते बघून घ्या म्हणून. सीआरपी, ईएसआर या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सांध्यात सुई घालून पाणी काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का बघायला दिलं. इन्फेक्शन निघालं असतं तर बहुतेक दोन ऑपरेशनं, मध्ये काही आठवडे सांध्याच्या जागी अँटिबायोटिक घातलेला सिमेंटचा तात्पुरता तुकडा, स्पेसर. सुदैवानं नव्हतं. तरी पहिल्यापेक्षा हे काम कितीतरी मोठं, मांडीचं हाड उभं कापून जुनं सिमेंट तुकड्यातुकड्यानं काढलं, लांब रॉड बसवला, बिनसिमेंटचा, हाडानं स्वतः धरायचा. वाटीमागं हाड खाल्लं होतं तिथं बोन बँकेतलं हाड भरलं. कुणाचातरी खुबा बदलताना काढलेला गोळा असा जपून ठेवतात म्हणे. त्या माणसाचेपण आभार इथंच मानतो, नाव कधी कळणार नाही.

आणि नंतरचे तीन महिने. तुम्ही घरी येत होतात, दोन मजले चढून. पायावर अर्धंच वजन टाकायचं म्हणजे किती हे आईला कळत नव्हतं, तेव्हा तुम्ही आमचा वजनकाटा मागवून तिला त्यावर पाय ठेवायला लावलंत, काटा वीसवर आला की "बास आजी, एवढंच". मांड्यांमध्ये उशी, पायावर पाय नाही, खाली बसायचं नाही, कमोडची उंची वाढवायची. जमिनीवर बसून भाकरी थापायची नाही हे ऐकून आई रडली होती, तेव्हा तुम्ही भावाला ओटा दाखवून शेगडी कुठं हवी ते ठरवून दिलंत. आता उभ्यानं थापते, एकावेळी चार.

कुणाच्या घरी खुबा किंवा गुडघा बदललेलं माणूस असेल तर जुन्या फिल्म रद्दीत घालू नका आणि दुखत नसलं तरी सर्जननी सांगितलेल्या वेळी एक्सरे काढत जा. सैल व्हायला लागलेला सांधा बरेचदा सुरुवातीला दुखतच नाही, हाड मात्र जात राहतं. आम्ही सतरा वर्षांत एकदाही काढला नव्हता.

मॅडम, काल आई सोप्यातून उठून दारापर्यंत गेली, काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली होती, तिच्या लक्षातच नाही. मी ती पयली चार पावलं मोजत होतो. पुढच्या महिन्यात वर्षाचा एक्सरे आहे, सगळ्या फिल्म घेऊन आधी तुमच्याकडं येतो. आईनं खरवस करायचं ठरवलंय, शेजारची म्हैस व्यायलीय, तुम्ही नाही म्हणायचं नाही असा निरोप आहे.

तुमचा,
आजींचा थोरला