बाबा, ठेव मोडू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "बँकेत नुसत्या पडलेल्या पैशाचं आम्ही काय करणार? ठेव मोडतो आणि तुझ्या वर्कशॉपसाठी तुझ्या खात्यावर टाकतो." मागून आईचं "घे गं" चाललंच होतं. मला तेव्हा बोलायला सुचलं नाही, गळा भरून आला होता. म्हणून हे पत्र. ती ठेव मोडू नका. नाही म्हणण्यामागे माझा काय विचार आहे तो सविस्तर सांगते.

रोज सकाळी तुम्ही पाठवता ते मोठ्या उद्योजकांचे व्हिडिओ मी बघते. धीर येतो, खरंच येतो. पण त्या सगळ्यांत माणूस एकटाच दिसतो. त्याने नोकरी सोडली, जिद्द धरली आणि जिंकला. म्हणून गेले काही महिने आपल्या जिल्ह्यातल्याच लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी मिळेल ते वाचते आहे. त्यांच्या गोष्टीत पानोपानी माणसं भेटतात.

चित्रकार व्हायला ते मुंबईला जे. जे. मध्ये गेले. पण त्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नाही असं निघालं आणि ती वाट बंद झाली. मग यंत्रांची ड्रॉइंग शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून दुसऱ्याला दिली गेली. ते बेळगावला परतले. तिथे थोरले भाऊ रामूअण्णा होतेच. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत तेव्हापासून रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. मुंबईची नोकरी सोडल्यावर कुठे जायचं हा प्रश्न लक्ष्मणरावांना पडला नाही तो या भावामुळे. तुम्ही दोघं मला कायम म्हणता ना, "काही झालं तरी घर आहे"? ते मला त्यांच्या चरित्रातही दिसलं.

मग त्यांनी कडबा कापायची यंत्रं बनवली, लोखंडी नांगर बनवला. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष उतरतं असं शेतकरी मानत. पहिला नांगर खपायला 2 वर्षं लागली. बाबा, हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि वर्कशॉपमध्ये एक फेरी मारून आले. आपला हळद पॉलिशचा छोटा ड्रम बघून लोक म्हणतात, पॉलिश केलं की वजन घटतं, मग आमचं काय राहिलं? त्यांचं म्हणणं चूक नाही. वजन घटतंच. दर किती वाढतो ते त्यांच्याच हळदीवर, त्यांच्याच समोर, बाजारात नेऊन दाखवावं लागेल, आणि त्याला एक-दोन हंगाम जातील. माझी अडचण पैशाआधी वेळेची आहे. तुमची ठेव त्यात ओतली तरी हळदीचा हंगाम काही लवकर येणार नाही.

पुढे बेळगावची कारखान्याची जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला, 10,000 रुपये कर्ज दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी सुरू झाली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या जुन्या तोफा वितळवून नांगर झाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्या दिल्या होत्या. तोफांचे नांगर! हे वाचताना मला फार आनंद झाला.

आई, तुला सुधा मूर्ती आवडतात म्हणून सांगते. 1981 मध्ये इन्फोसिस सुरू होताना त्यांनीही साठवणीतले 10,000 रुपयेच दिले होते. आकडा तोच, पण मला दोन्हीकडे एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. राजांकडे संस्थान होतं. सुधाताई कमावत्या होत्या, पुढे कितीतरी वर्षं कमावणार होत्या. त्यांचे पैसे बुडाले असते तरी त्यांच्या घरातली चूल पेटली असती. तुमची ठेव म्हणजे आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तुमचा गुडघा आहे, पुढची वीस वर्षं आहेत. असा पैसा धंद्यात घालू नये, हे मी अगदी ठामपणे सांगते. कर्ज मी बँकेकडून घेईन, माझ्या नावावर. तारण म्हणून घराचे कागद देऊ का, असं विचारूही नका.

पण तुमच्याकडून मला काहीच नको असं नाही. किर्लोस्करवाडीत शंभूराव जांभेकर होते. काहीही बिघडलं की दुरुस्त त्यांनीच करायचं. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर नवनवी यंत्रं जुळवायचे. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्यांना तर लक्ष्मणरावांनी राखणीचं काम दिलं आणि त्यांनी ते इमानाने केलं. माणसावर एवढा विश्वास टाकण्याची त्यांची हिंमत मला कारखान्याइतकीच मोठी वाटते.

बाबा, तीस वर्षं तुम्ही लेथवर उभे होतात. ड्रमचा शाफ्ट फिरताना किंचित आवाज करतो. माझा मुलगा म्हणावा असा एक पोरगा लेथवर आहे, हुशार आहे, पण त्याला शिकवणारं कुणी नाही. तुम्ही आठ दिवस येऊन त्याच्या शेजारी नुसते स्टूल टाकून बसा. उभं राहायचं नाही. आणि आई, पतसंस्थेत तुझी किर्द कधी एका रुपयाने चुकली नाही. माझी उधारीची वही तुझ्या नजरेखालून जायला हवी. कुणाला किती उधार द्यायचं हे तुझ्याइतकं मला कळत नाही. याचा मोबदला मी देणार आहे, महिन्याच्या महिन्याला. नाही म्हणायचं नाही.

दसऱ्यानंतर या. बाबा, येताना तुमचा मापं घ्यायचा व्हर्निअर आणा, इथला नवा असून भरवशाचा नाही. आणि आई, डोळ्याच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख माझ्याकडे यायचं म्हणून पुढे ढकलू नकोस. आधी ऑपरेशन, मग विश्रांती, मग प्रवास. गरज पडली तर मीच गाडी घेऊन न्यायला येते.

तुमची,
मनू