रत्नागिरीतले लिहिणारे शोधताना

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

‘रत्नागिरीत पुस्तकांचे कार्यक्रम होतच नाहीत’ असं तू परवा फोनवर म्हणालीस. होतात गो, आणि चांगले होतात. फक्त तू शोधतेस तिथे ते नसतात. आपल्याकडच्या कार्यक्रमाचं निमंत्रण म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो. अक्षरं चित्रात अडकलेली, त्यामुळे मोबाइलवर कितीही शोधलंस तरी ती वर येत नाहीत. वर येतात ते पुण्या-मुंबईचे, तिकिटं ऑनलाइन विकणारे कार्यक्रम. म्हणून सुरुवात मोबाइलपासून करू नकोस, वाचनालयापासून कर.

तुझ्या शहराचं नशीब मोठं. जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं त्याच्या चार वर्षं आधीचं. सभासद होऊन टाक. ओळखपत्राची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, अनामत आणि वर्गणी, बहुतेक वाचनालयांत एवढंच लागतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला जुन्या सभासदाची शिफारस मागू शकतात, तेव्हा ऑफिसातल्या कुणाला तरी आधी विचारून ठेव. दिवाळी अंकांची वर्गणी बहुधा वेगळी असते, तीही भर. जिल्ह्यातले लिहिणारे पुस्तक काढण्याआधी अंकांतूनच दिसायला लागतात. जाण्याआधी वेळ आणि सुट्टीचा वार विचार. बरीच वाचनालयं दुपारी बंद असतात आणि ऑफिस सुटल्यावर पोहोचेपर्यंत देवघेव आटोपलेली असते.

आत गेल्यावर दाराजवळचा फलक वाच. मग देवघेवीच्या टेबलापाशी नेमकं विचार, ‘आपल्या जिल्ह्यातल्या लेखकांची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत?’ ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हटलंस तर सगळ्यांना देतात तीच कादंबरी तुझ्याही हातात पडेल. वेगळं कपाट नसेल तर यादी बघावी लागते, आणि यादीत लोक चुकतात ते नावांपाशी. केशवसुत सापडले नाहीत तर दामले बघ, तेच त्यांचं खरं आडनाव. चिं. त्र्यं. खानोलकरांची कादंबरी एकीकडे असते आणि कविता ‘आरती प्रभू’ या नावाखाली दुसरीकडे. माणूस एकच, वेंगुर्ल्याचा. विंदा करंदीकर देवगड तालुक्यातले, पाडगावकर वेंगुर्ल्याचे, श्री. ना. पेंडसे दापोलीकडचे. ही थोर मंडळी तुला शाळेपासून ठाऊक आहेत. मला सांगायचंय ते आज लिहिणाऱ्यांबद्दल. तेही कमी नाहीत. सावंतवाडीत राहून लिहिणाऱ्या प्रवीण बांदेकरांना २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यासाठी त्यांना गाव सोडून मोठ्या शहरात जावं लागलं नाही.

अशी माणसं कशी सापडतात, तर पुस्तकाच्या कडेच्या पानांतून. पुस्तक हातात आलं की आधी शीर्षकपानाच्या मागची बाजू बघ. तिथे प्रकाशक, आवृत्ती, साल, मुखपृष्ठकार, अक्षरजुळणी आणि मुद्रक असे बारीक टायपात छापलेले असतात. मुद्रक रत्नागिरी, चिपळूण, कणकवली किंवा कुडाळचा असेल तर पुस्तक बहुधा इथेच घडलंय. प्रकाशकाचा आणि लेखकाचा पत्ता एकच असेल तर ते त्याने पदरच्या पैशांनी काढलंय. अशा पुस्तकांच्या प्रती थोड्याच निघतात, दुकानांपर्यंत त्या क्वचित जातात, आणि पुढे लेखकाच्या घरी नाहीतर वाचनालयातच मिळतात. मग मनोगत वाच. आभार मानलेली नावं वहीत उतरून घे. चार-पाच पुस्तकांची मनोगतं वाचलीस की तीच दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतील. कुणी प्रस्तावना लिहिलेली, कुणी मुद्रितं तपासलेली, कुणी ‘पुस्तक काढच’ म्हणून मागे लागलेलं. गावातल्या काव्यवाचनाच्या बैठका बहुतेक वेळा हीच माणसं भरवतात. त्यांच्यातल्या एकाशी ओळख झाली की निमंत्रणाचे फोटो आपोआप तुझ्याकडे यायला लागतील.

कोकण मराठी साहित्य परिषदेचं नाव तू ऐकलंयस. मधु मंगेश कर्णिकांनी १९९१ साली ती उभी केली. लोक तिला कोमसाप म्हणतात. तालुक्या-तालुक्यात शाखा आहेत. आपल्या शाखेचा कार्यवाह कोण, ते वाचनालयात कळेल. मालगुंडचं केशवसुत स्मारक परिषदेनेच उभारलंय. एका रविवारी सकाळच्या एस.टी.ने जा. आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे साधारण पंचवीस किलोमीटर, तिथून मालगुंड हाकेच्या अंतरावर. कवीचं घर जपलंय आणि आवारात कविता दगडांवर कोरल्यात. दुपारच्या उन्हात त्या वाचवत नाहीत, कोरलेली अक्षरं चकाकतात. सकाळीच वाच आणि मोठ्याने वाच.

आता कार्यक्रम कधी ते सांगते, कारण इथे सगळं पावसावर आणि सणांवर चालतं. जून ते ऑगस्ट बाहेरगावचा पाहुणा बोलवायला कुणी धजत नाही, घाटात कधी दरड येईल सांगता येत नाही. गणपतीत कुणाला विचारूच नकोस. कोजागिरीपासून हलायला लागतं, त्या रात्री कविसंमेलनं होतात. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत खरा हंगाम. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव बहुधा याच दिवसांत भरतो. दोन दिवस चालतो, ग्रंथदिंडीने सुरू होतो. त्याची तारीख जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारलीस तर कळते. सत्तावीस फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला मात्र एकाच संध्याकाळी तीन-चार ठिकाणी कार्यक्रम असतात, आधीच ठरव कुठे जायचं. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, तेव्हाही एखादं पुस्तक प्रकाशन होतं. रोजच्या पेपरातलं जिल्ह्याचं पान चुकवू नकोस. आतल्या पानाच्या तळाशी चार ओळींची चौकट असते, तीत स्थळ आणि वेळ मिळते. कात्रण काढून वहीत चिकटव. पुढच्या वर्षी तोच कार्यक्रम त्याच सुमारास होईल.

जाण्याआधी लेखकाचं निदान एक प्रकरण किंवा चार कविता वाचून जा. हे मी कळकळीने सांगते. ‘तुम्ही काय लिहिता?’ हा प्रश्न ऐकला की माणसाचा चेहरा उतरतो, आणि बोलणं तिथेच थांबतं. त्यापेक्षा शब्द विचार. तू सावंतवाडीची, तुझ्या कानात मालवणी. रत्नागिरीकडच्या लिखाणात संगमेश्वरी बोली येते, तिचा हेल आणि क्रियापदं वेगळी. अडलेला शब्द पान क्रमांकासकट लिहून ने. एका शब्दावरून लेखक अर्धा तास बोलतो, त्यात तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, लावणी येते, पेरणीआधी शेत भाजायची भाजवळ येते, आजीही येते.

पत्रिकेवर पाच लिहिलं असेल तर पावणेपाचला पोहोच, पण मुख्य भाषण साडेसहाच्या आधी धरू नकोस. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार हे सगळं आधी, लेखक बहुधा शेवटी. नवखी माणसं सत्कारांना कंटाळून उठतात आणि ऐकायचं तेच हुकतं. पुढच्या दोन रांगा सोड, त्या पाहुण्यांच्या. कडेची खुर्ची धर, शेवटची बस पकडायची तर निघता येतं. पुस्तक कार्यक्रमाआधीच विकत घे. टेबल आवरायची घाई असते आणि सुटे पैसे नसतात. सही आतल्या शीर्षकपानावर घे, गुळगुळीत मुखपृष्ठावर शाई पुसते. आणि फुकट प्रत मागू नकोस, कुणी देत असलं तरी पैसे दे. छपाईचं बिल त्याने स्वतः भरलेलं असतं.

कविता वाचायची असेल तर दोन दिवस आधी सूत्रसंचालकाकडे नाव दे. एकच कविता, तीन मिनिटांची, घरी घड्याळ लावून वाचलेली. दुसरी कविता वाचायचा मोह झाला की मागे थांबलेल्यांची वेळ जाते आणि पुढच्या खेपेला आपलं नाव यादीत खाली जातं.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लिहिणारे सगळे पुस्तकात नसतात. गणपतीच्या दिवसांत तुझ्याकडे जाखडीचे, म्हणजे गाण्यासकटच्या लोकनाचाचे, सामने होतात, शक्तीवाले एका बाजूला आणि तुरेवाले दुसऱ्या. शाहीर स्वतः बांधलेल्या पदातून दुसऱ्याला सवाल टाकतो, समोरच्याला पदातूनच जवाब द्यावा लागतो. सगळं पद कळलं नाही तरी शेवटचं कडवं कान देऊन ऐक, कवीचं किंवा त्याच्या गुरूचं नाव त्यात गुंफलेलं असतं. ते वहीत लिही, गावासकट. रेकॉर्ड करायचं तर आधी विचार. पुढच्या बारीसाठी, म्हणजे सामन्यासाठी, राखून ठेवलेलं पद मोबाइलवरून बाहेर गेलेलं शाहिरांना आवडत नाही, आणि ते बरोबर आहे.

येत्या शनिवारी वाचनालयात जाऊन ये. अनामतीची पावती वहीत न ठेवता पाकिटात ठेव. पुढे बदली झाली तर पैसे परत घेताना ती लागेल.

तुझी
आई