अर्ध्या गुणाने हरला म्हणजे नक्की काय झालं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात गो खेळाबद्दल कधीतरीच काही येतं आणि आलं की हमखास वाक्य असतं, ‘अर्ध्या गुणाने थोडक्यात हुकला’. आता हा अर्धा आला कुठून ते कोणी सांगत नाही, सोंगट्या काय अर्ध्या असतात का? म्हणून हे पत्र.

गोमध्ये दोघं आळीपाळीने काळ्या-पांढऱ्या सोंगट्या ठेवून जागा वेढतात, ज्याची जास्त तो जिंकला. पट १९ बाय १९ रेघांचा, म्हणजे ३६१ घरं (खरं तर रेघा छेदतात ते बिंदू, पण मी घरंच म्हणतो). काळा आधी खेळतो, त्याचा त्याला फायदा, म्हणून पांढऱ्याला भरपाई मिळते, तिला कोमी म्हणतात. जपानमध्ये साडेसहा, चीनमध्ये साडेसात. तो अर्धा मुद्दाम ठेवलाय, बरोबरी होऊ नये म्हणून, बास. चिनी पद्धतीत जिवंत (मारता न येणाऱ्या) सोंगट्या आणि वेढलेली रिकामी घरं दोन्ही मोजतात, तर समजा काळ्याची १८४ भरली की पांढऱ्याची उरली १७७, फरक ७, कोमी साडेसात, काळा अर्ध्याने गेला. अजून एकच घर मिळालं असतं तर तोच दीडने जिंकला असता!

आणि ‘थोडक्यात’ हे पण दर वेळी खरं नसतं. मे २०१७ मध्ये चीनमधल्या वुझेनला चीनचा अव्वल खेळाडू के जिए गूगलच्या अल्फागो या गो खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामकडून पहिला गेम अर्ध्यानेच हरला, पण ते मशीन जिंकायची शक्यता बघायचं, किती फरकाने जिंकतोय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, त्यामुळे पुढे असलं की शेवटी शेवटी एखादं घर आरामात सोडून द्यायचं. माणसाला ते जमत नाही, आपला जीव एकेका घरात अडकतो.

शेवटच्या या टप्प्याला योसे म्हणतात आणि नवीन लोकांना तो बोअर वाटतो, मला तर खरा खेळ तिथेच वाटतो. ज्या चालीला समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं ती सेन्ते, म्हणजे पुढची पाळी परत आपली. उत्तर द्यायची गरजच पडत नाही ती गोते. दोनच घरांची सेन्ते असेल तरी साधारणपणे ती आधी उरकायची, मग चार घरांची गोते, पण आपण मोठा आकडा बघून तिकडे धावतो, मग समोरचा येऊन आपली सेन्तेची जागाच बंद करतो आणि आपण बसतो गोते खात.

माझीच एक फजिती सांगतो. ऑनलाईन गेम, जपानी नियम, म्हणजे फक्त वेढलेली रिकामी घरं आणि कैदी (समोरच्याच्या मारलेल्या सोंगट्या) मोजायचे, मी अर्ध्याने पुढे. समोरच्याने माझ्या भागात सोंगट्या टाकल्या, मी एकेकीला उत्तर दिलं, त्यात नुकसान नाही, त्याचा एक कैदी मला आणि माझं एक घर भरलं, हिशोब शून्य. मग तो पास म्हणाला. तिथे मी पण पास म्हणायचं ना, दोघं लागोपाठ पास म्हणाले की गेम संपतो आणि मेलेल्या, म्हणजे वाचूच न शकणाऱ्या, सोंगट्या अशाच उचलतात. पण मी त्या रीतसर मारायला निघालो, तो पास पास करत राहिला आणि मी स्वतःच्याच घरांत चार सोंगट्या टाकल्या. साडेतीनने हरलो. चिनी नियम असते तर काहीच गेलं नसतं, कारण तिथे माझी सोंगटी पण एक घर म्हणूनच मोजली जाते.

आपला,
एक नियमित वाचक