पहिला आठवडा पिल्लांना विसर

सांगली,
८ डिसेंबर

चि. मुग्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तीनदा विचारलंस, "आई, खात का नाहीत गं?" कॉर्न स्नेकची ही दोन पिल्लं आणून आज कुठे तिसरा दिवस. तिसऱ्या दिवशी नवी सूनसुद्धा पोटभर जेवत नाही, हे तर साप आहेत. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरतेस, म्हणून लिहूनच पाठवते.

आधी ती मोठी काचेची टाकी बाजूला ठेव. दोघांना एकत्र ठेवलंयस, ते फोटोत दिसलं. एकाच खाण्यावर दोघं तुटून पडली तर एक दुसऱ्याला गिळू शकतं. शिवाय उलटी कुणाची, शी कुणाची, काहीच कळत नाही. भांड्यांच्या दुकानात ५-६ लिटरचे क्लिपच्या झाकणाचे प्लास्टिकचे डबे मिळतात, तसे दोन घे. तापवलेल्या खिळ्याने बाजूंना ३ मिलिमीटरची भोकं पाड, पण आतून बाहेर, म्हणजे धारदार कड आत राहत नाही. भोक डोक्याहून लहानच हवं. डोकं गेलं की साप गेला. आणि शेजारी सापडला तर तिथे कुणी कॉर्न स्नेक म्हणून ओळखणार नाही. पाठीवरचे ठिपके बघून घोणसच म्हणतील आणि काठी घेतील.

तळाला साधा वर्तमानपत्राचा कागद घाल. लाकडाचा भुसा सध्या नको, त्यावर काही दिसत नाही. दोन्ही टोकांना लपायला एकेक अर्धी करवंटी उपडी ठेव, कडेला अंगठ्याएवढी खाच पाडून. जागा अंगाला चिकटेल इतकी अडचणीची हवी. ऐसपैस घर आपल्याला लागतं, त्यांना नाही. मधल्या मोकळ्या जागेत चुरगळलेले कागद भर. पाण्याला जड बुडाची छोटी वाटी, एक-दीड सेंटिमीटर पाणी, रोज बदललेलं. डबा फ्रिजवर किंवा मिक्सरच्या ओट्यावर ठेवू नकोस, सापाला हादरा कळतो. खोलीत मच्छरांचं मशीन, कॉइल, डांबरगोळ्या यांतलं काहीही नको. डासांच्या औषधाने सरपटणारे जीव दगावतात.

आता खरा घोळ ऊब. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आत्ता रात्री पारा १२-१३ पर्यंत उतरत असेल. हा प्राणी अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तिथेही थंडी पडते, पण थंडीत तो जेवत नाही, आणि तुला तर त्याला जेवायला घालायचंय. डब्याच्या एका टोकाला २८ ते ३० अंश हवं, दुसऱ्या टोकाला २२ ते २४. हीटमॅट डब्याखाली, फक्त एक तृतीयांश भागाला, आणि ती थर्मोस्टॅटशिवाय एक तासही लावायची नाही. नुसती लावली की ती ४५ अंशांच्या वर जाते आणि पोट भाजतं; पिल्लू तरीही उठून जाईलच असं नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर करवंटीखाली, कागदाच्या खाली, चिकटपट्टीने पक्का कर, पण पट्टीचा चिकट भाग पिल्लाला लागू देऊ नकोस, कातडी सोलते. लाइट गेली तर बाटलीत कोमट पाणी भर, टॉवेलात गुंडाळून डब्याला टेकवून ठेव. ज्या वारी तुमच्याकडे लाइट जाते, त्याच्या आधीचे दोन दिवस खायला देऊच नकोस. पोटात अन्न आणि अंगाला ऊब नाही, म्हणजे ते आतच सडतं आणि बाहेर येतं.

ज्यांच्याकडून आणलीस त्यांना आजच चार गोष्टी विचार: शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं, जिवंत की गोठवलेलं, आणि कात कधी टाकली. तिकडे जिवंत पिंकीची, म्हणजे उंदराच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लाची, सवय असेल आणि तू गोठवलेली ठेवलीस, तर ते पोट बिघडलेलं नाही, ते खाणं त्याच्या ओळखीचं नाही.

आठवडाभर हात लावायचा नाही, खायलाही द्यायचं नाही. हा आठवडा गेला की पहिलं जेवण. उंदराचं एक-दोन दिवसांचं पिल्लू, दीड-दोन ग्रॅमचं. सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाच्या दीडपटीहून जाड नको. आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये काढ. संध्याकाळी ते पिशवीत घालून चाळीसेक अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेव, मग कागदाने कोरडं कर. मायक्रोवेव्ह अजिबात नको, आतून शिजतं आणि फुटतं. लांब चिमट्याने करवंटीच्या तोंडाशी ठेव, दिवा बंद कर, दार लावून घे. डोकावायचं नाही. सकाळी पडलेलं असेल तर फेकून दे, परत गोठवू नकोस.

खाताना बघायला मिळालंच तर लांबूनच बघ. आधी दोन वेढे घालून आवळेल, मेलेल्याला मारल्याचं नाटक. मग जीभ लपलपवत डोकं शोधेल आणि जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी, अशी पावलं टाकत गिळेल. शेवटी दोन मोठ्या जांभया. म्हणजे जबडा जागेवर बसला. त्यानंतर ४८ तास डबाही हलवायचा नाही.

नाही खाल्लं तर दुसऱ्या दिवशी परत पुढे करू नकोस. ही चूक जवळजवळ सगळे करतात: रोज झाकण उघडायचं, रोज घाबरवायचं आणि मग भूक नाही म्हणायचं. पाच-सहा दिवस थांब. दुसऱ्या वेळी पिंकी साध्या साबणाने धुऊन भरपूर पाण्यात खळबळ, आपल्या हाताचा वास जातो. तिसऱ्या वेळी तिचं डोकं सुईने टोच, आतला वास बाहेर आला की पुष्कळ पिल्लं तोंड लावतात. तेही फसलं तर भोकं पाडलेल्या वाटीएवढ्या डबीत पिल्लू आणि पिंकी दोघांना घालून ती डबी रात्रभर उबदार टोकाला ठेव. पण त्या टोकाला ३० च्या वर जाऊ देऊ नकोस, डबीतून त्याला पळता येत नाही. निसर्गात ही पिल्लं सुरुवातीला सरडे-बेडूक खातात, म्हणून कुणीतरी पिंकीवर भिंतीवरची पाल घासायला सांगेल. नको. तिच्याबरोबर जंत येतात. दुधाचं तर बोलूच नकोस. आपल्या जिल्ह्यात बत्तीस शिराळा असून अजून माणसं सापाला दूध पाजायला निघतात.

उलटी झाली तर मात्र घाई महागात पडते. किमान दहा दिवस उपास, पाणी भरपूर, आणि मग नेहमीच्या निम्म्या आकाराची पिंकी. आधी कारण शोध: ऊब कमी, घास मोठा की खाल्ल्यावर तू उचललंस. डोळे निळसर-दुधी झाले तर कात येतेय, खायला देऊ नकोस. कात पडल्यावर कागदावर उलगडून बघ, डोळ्यांवरच्या चकत्या त्यात आल्यात का ते.

दर रविवारी वजन कर, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या सोनाराच्या काट्यावर, आणि कालनिर्णयच्या चौकोनात लिही. आठ ग्रॅमचं सात झालं, तोंड उघडं ठेवून श्वास घेतला किंवा नाकाशी बुडबुडे आले, तर डॉक्टरांकडे. सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर आत्ताच शोधून नंबर लिहून ठेव. पाण्याच्या वाटीत सतत पडून असेल तर एकतर गरम होतंय किंवा अंगावर माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, आहेत. मोहरीहून बारीक काळे ठिपके पाण्यात तरंगताना दिसतील.

पिंकीचा डबा घट्ट झाकणाचा घे, घरमालकीणबाईंच्या फ्रीजरात ठेवायच्या आधी त्यांना विचार, आणि चिमटा स्वयंपाकघरात आणू नकोस. हात प्रत्येक वेळी साबणाने. घेतल्याची पावतीही जपून ठेव. आपल्याकडचे दिवड-धामण पाळायला कायद्याने बंदी आहे, उद्या कुणी विचारलं तर हे इथले नाहीत हे दाखवता येईल.

शनिवारच्या गाडीने बाबा येताहेत. त्यांच्याबरोबर काटा आणि चार करवंट्या पाठवते, खोबरं खरवडून गच्चीवर वाळवल्यात.

तुझी
आई

ता. क. दोन्ही डब्यांवर मार्करने 'अ' आणि 'ब' लिही. नावं नंतर ठेव.