डॉलीच्या केकवरची अक्षरे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला इंग्रजी कादंबरीवरचा लेख वाचला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात वास्तववाद आला आणि कादंबरीतून देव हद्दपार झाला, असे लेखक म्हणतात. मला हे पटत नाही.

माझे वडील साखर पेठेत मागावर होते. बी.ए.ला जॉर्ज एलियट या लेखिकेची ‘सायलस मार्नर’ (१८६१) नेमलेली होती. नायक विणकर, म्हणून घरी वाचून दाखवायची. सायलसवर चोरीचा खोटा आळ येतो. त्याच्या पंथातले लोक प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकतात आणि चिठ्ठी त्यालाच गुन्हेगार ठरवते. तो गाव सोडतो, देवही सोडतो. पुढे पंधरा वर्षे नुसता माग आणि रात्री मोहरा मोजणे. एकदा त्याचा पाण्याचा मातीचा घडा फुटतो, तर हा तुकडे जुळवून जागच्या जागी उभा करून ठेवतो. इथे वडील म्हणाले, “पुन्हा वाच.”

आता डॉली. ही शेजारीण नाताळात त्याला केक आणून देते. त्यावर चर्चमधली अक्षरे टोचलेली. तिला ती वाचता येत नाहीत, पण चर्चमध्ये असतात म्हणजे चांगलीच असणार, एवढे ती जाणते. आमची आई खंडेनवमीला मागाला हळदकुंकू वाहायची आणि दादाकडून चौकटीवर खडूने ‘श्री’ काढून घ्यायची. काय लिहिलंय विचारले तर म्हणायची, “देवळात असतंय की!”

आणि हे लिहिणारी बाई कोण? १८४२ साली, बाविसाव्या वर्षी, चर्चला जाणार नाही म्हणून वडिलांशी भांडलेली. (काही महिन्यांनी जाऊ लागली, पण वडिलांसाठी.) येशूच्या चरित्राची चिकित्सा करणारा स्ट्राउसचा जर्मन ग्रंथ तिने इंग्रजीत आणला, १८४६ मध्ये. स्वतःची श्रद्धा गेली होती, तरी डॉलीची तिने टिंगल केली नाही. चिठ्ठ्या टाकणाऱ्यांना मात्र सोडलेही नाही. मला तर हाच वास्तववाद वाटतो.

शेवटी सायलस जाब विचारायला जुन्या गावी जातो, तर प्रार्थनाघराच्या जागी कारखाना, जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडणारी माणसांची रांग. चोर सापडला की नाही, त्याला कधीच कळत नाही. गिरणीचा भोंगा ऐकत वाढलेल्या आम्हाला ते पान समजवावे लागले नाही.

लेखकांनी निदान दहावे प्रकरण वाचावे. केक तिथेच आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर