भाषा शिकवणाऱ्याला आधी एक भाषा शिकू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको, यावर २०२५ मध्ये आपल्या पत्रासह सगळीकडे रान उठले. शासन निर्णय निघाले आणि जूनअखेर मागेही घेतले गेले. त्या गदारोळात, वर्गात भाषा शिकवणारा शिक्षक घडतो कसा, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. त्याबद्दल थोडे.

फलटणच्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांची कारकीर्द या संदर्भात पाहण्यासारखी आहे. जन्माने अमेरिकी असलेल्या बाई आधी हैदराबादला इंग्रजी शिकवायला आल्या आणि पुढे फलटणच्याच झाल्या. फलटणमध्ये लोक प्रत्यक्ष कसे बोलतात, कोणत्या थरातला माणूस कोणती रूपे वापरतो, यावर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएच.डी. केली. लेखिका जाई निंबकरांसोबत परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके आणि व्याकरण लिहिले, अमेरिकी विद्यार्थ्यांना मराठी शिकवली. एवढ्यावर एखाद्याने प्राध्यापकी केली असती. बाई मात्र शाळेत न टिकणाऱ्या गावातल्या मुलांना वाचायला शिकवू लागल्या. त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली आणि शिक्षकांची प्रशिक्षणेही झाली.

माझ्या मते यातले मर्म असे की, मोठेपणी दुसरी भाषा शिकलेल्याला तिचे सांधे दिसतात. आपल्याला मराठी आईच्या दुधातून मिळालेली असते. पुस्तक नपुंसकलिंगी आणि वही स्त्रीलिंगी का, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. मेळघाटातला कोरकू मुलगा ‘माझा पुस्तक’ म्हणतो तेव्हा गुरुजींना तो निष्काळजीपणा वाटतो. त्याच्या घरच्या भाषेत नामांची विभागणी सजीव आणि निर्जीव अशी आहे, हे कोणत्याही प्रशिक्षणात त्यांच्या कानावर आलेले नसते.

मेळघाट तरी लांब आहे. आमच्या माण-खटावकडे चौथीतल्या एका मुलाने वहीत लिहिले होते, ‘म्या सकाळच्या पारी शेरडं घेऊन डोंगराला गेलतो.’ त्याच्या वर्गाच्या बाईंनी जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढली होती. काळ, वेळ, ठिकाण, काम, सगळे एका दमात सांगणारे ते वाक्य. आधी त्याला शाबासकी द्यावी, मग पुस्तकात हेच कसे लिहितात ते शेजारी लिहून दाखवावे, एवढे साधे काम. पण त्या बाईंना दोष कसा देऊ? त्यांना हे कोणी करून दाखवलेच नव्हते.

प्रशिक्षणे ढिगाने होतात. राज्यस्तरावर ऐकलेले जिल्ह्याला, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. शेवटच्या शिक्षकापर्यंत पीपीटी तेवढी पोहोचते. सही, फोटो, लिंक भरली की दिवस साजरा. सुलभकांमध्ये, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांमध्ये, पहिलीचा वर्ग अलीकडे शिकवलेला माणूस विरळा, आणि मुलांच्या घरची बोली येणारा त्याहून विरळा. (जेवण मात्र अलीकडे बरे असते.)

म्हणून दोन सूचना. डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या, प्रत्येक विद्यार्थ्याला त्याला न येणारी, पण जिल्ह्यात बोलली जाणारी एक भाषा निदान एक सत्र शिकवावी. नंदुरबारला भिली, गडचिरोलीत गोंडी, इतरत्र बंजारा, जिथे जी असेल ती. नवख्या भाषेत साधे वाक्य जुळवताना काय तारांबळ उडते, ते शिक्षकाने एकदा अनुभवावे. दुसरे, दोन भाषा सहज बोलणारे तरुण शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत. सुलभक निवडताना सेवाज्येष्ठतेची यादी बाजूला ठेवून त्यांना बोलवावे आणि त्या दिवसांत त्यांच्या वर्गावर बदली शिक्षक द्यावा. नाहीतर त्यांचीच मुले गुरुजींविना बसायची.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, जि. सातारा