मिक्सिंगवर फुटणारे खापर

महोदय,

रॉक बँडने बाहेरचे गायक, व्हायोलिनवृंद, ब्रास असा मोठा घाट घालून अल्बम काढला की परीक्षणात एक वाक्य हमखास येते : ‘कल्पना चांगली, पण मिक्सिंग (सगळे ट्रॅक एकत्र बसवणे) फसले.’ बऱ्याचदा मिक्सिंग करणाऱ्यावर हा अन्याय असतो. घोळ त्याच्या हाती फाइल येण्याआधीच झालेला असतो, तोही अगदी साध्या गोष्टींत.

पाहुणा वादक दुसऱ्या स्टुडिओत वाजवतो आणि बँड त्याला ऐकायला एमपी3 पाठवतो. एमपी3 तयार होताना सुरुवातीला थोडी शांतता आपसूक जोडली जाते, बहुधा 25 मिलिसेकंदांच्या आसपास. वादक त्यावर चोख वाजवतो, पण त्याची फाइल मूळ गाण्यावर ठेवली की ती मागे रेंगाळते. ऐकणाऱ्याला उशीर असा कळत नाही, नुसता ठेका सैल वाटतो. म्हणून देवाणघेवाण 24 बिटच्या वेव्ह (न दाबलेल्या) फाइलमध्येच करावी आणि प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्यापासून सुरू व्हावी. सोलो तिसऱ्या मिनिटाला असला तरी आधीच्या शांततेसकट.

सॅम्पल रेटही (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) आधीच ठरवायला हवा. 48 किलोहर्ट्झची फाइल रूपांतर न करता 44.1 च्या प्रकल्पात वाजली, तर चार मिनिटांचे गाणे 21 सेकंदांनी लांबते आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर (सेमीटोन) खाली येतो. ही चूक निदान लगेच कानाला टोचते.

सुरुवात जुळवण्याचे हे दुखणे जुनेच. फेब्रुवारी 1967 मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सने 40 वादकांचा वृंद बोलावला, तेव्हा त्यांच्यासाठी 24 बारची (तालाच्या आवर्तनांची) जागा आधीच मोजून मोकळी ठेवलेली होती. चार ट्रॅकची दोन यंत्रे जोडण्यासाठी केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने एका टेपवर 50 हर्ट्झचा सूर मुद्रित करून त्यावर दुसऱ्या यंत्राची मोटर चालवली. त्यानेही फक्त वेग जुळला. दोन्ही यंत्रे एका क्षणी सुरू करणे अंदाजाचेच राहिले.

सर्वाधिक नुकसान ड्रममध्ये होते. स्नेअर या ड्रमजवळ एक माइक आणि वर एक मीटरभर अंतरावर ओव्हरहेड (पूर्ण ड्रमसंचावर टांगलेला माइक) असेल, तर आवाज वर पोहोचायला सुमारे 3 मिलिसेकंद अधिक घेतो. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की 170 हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खातो, आणि स्नेअरचा भरीवपणा नेमका तिथेच असतो. उरतो तो पत्र्याच्या डब्यासारखा आवाज. मग इक्वलायझरने तो भाग वाढवत बसतात. जे कापलेच गेले ते वाढणार कसे? दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सुतळीने मोजून समान अंतरावर लावावेत, स्नेअरजवळच्या माइकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची धन-ऋण दिशा) उलटवून पाहावी, आणि सगळे माइक एकत्र, मोनोत (एकाच वाहिनीत) ऐकल्याशिवाय पहिला टेक घेऊ नये. यात अर्धा तास जातो. रेकॉर्डिंगच्या दिवशी नेमका हाच अर्धा तास वाचवला जातो!

वृंद बोलवायचा असेल तर त्यांचा ‘ए’ (वाद्ये जुळवण्याचा आधारसूर) आधी विचारावा. अनेक वृंद 442 हर्ट्झला लावतात, बँडचे कीबोर्ड मात्र 440 वर असतात. हा जवळजवळ 8 सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) फरक वृंद एकटा वाजताना जाणवत नाही. गिटार लांब सुरावर थांबली की वृंद किंचित वर चढल्यासारखा वाटतो.

लेव्हल भरून पाठवण्याची हौसही आवरावी. 24 बिटमध्ये सर्वोच्च टोक उणे 10 डेसिबलवर असले तरी काही बिघडत नाही, एकदा क्लिप झालेली (मर्यादेबाहेर जाऊन फाटलेली) किंकाळी मात्र परत घ्यावीच लागते. गिटारच्या अँपसोबत थेट लाइनही (अँपविना गिटारचा कोरा सिग्नल) मुद्रित करावी, म्हणजे गाण्यात वाद्ये वाढल्यावर जो टोन जड वाटतो तो दुसऱ्या अँपमधून काढता येतो. पाहुण्या गायकाकडून रिव्हर्ब (कृत्रिम घुमार) लावलेली फाइल आली तर ती नमुना म्हणून ठेवावी आणि त्याच टेकची कोरडी (परिणाम न लावलेली) फाइल त्याच दिवशी मागून घ्यावी. महिन्याभराने मागितली तर त्याच्याकडेही ती बहुधा उरलेली नसते.

– एक ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ